गेंडा पाळण्याचा इतिहास आणि त्याच्या पायाखालची जमीन

नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या सहावीतल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती जमवताना असे वाचले की, अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या बागेत एक भारतीय गेंडा वीस वर्षांहून अधिक काळ जगला. त्यावर तिने आपल्याला विचारले, की अडीचशे वर्षांपूर्वी परक्या, थंड मुलखात हे जमले, तर आज आपल्या सोलापुरात गेंडा का ठेवता येऊ नये? "इथले ऊन त्याला सोसणार नाही" असे उत्तर आपण तिला दिले खरे, पण ते आपल्यालाच पटले नाही, म्हणून आपण विचारता आहात.

मी मूळचा सोलापूरचाच आहे. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर नोकरीची बहुतेक वर्षे मी महाराष्ट्राबाहेरच्या प्राणिसंग्रहालयांत काढली आणि त्यांपैकी सलग चौदा वर्षे एकशिंगी गेंडे माझ्या देखरेखीखाली होते. निवृत्तीनंतर आता होटगी रस्त्याला राहतो. आपले उत्तर आपल्याला पटले नाही हे योग्यच झाले, कारण उन्हाचे कारण खरे नाही. पाटणा, कानपूर आणि दिल्ली येथील प्राणिसंग्रहालयांत गेंडे आहेत, आणि तिथला मे-जून सोलापूरपेक्षा सौम्य असतो असे कोणी म्हणणार नाही.

मुलीच्या प्रश्नात एक गृहीतक मात्र दडलेले आहे. गेंडा वीस वर्षे जगला, म्हणजे तो ठेवता आला, असे ती मानते. माझ्या मते गेंडा पाळण्याचा गेल्या पाचशे वर्षांचा इतिहास हा नेमका याच गैरसमजाचा इतिहास आहे. गेंडा चिवट प्राणी आहे. चुकीच्या जागी, चुकीच्या खाद्यावर, एकट्यानेही तो वर्षानुवर्षे तग धरतो आणि त्यामुळे आपले काही चुकते आहे हे पाळणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. बिबट्याचे बिनसले तर तो आठवड्यात दाखवून देतो, हरीण तर एका रात्रीत मरते. गेंड्याच्या बाबतीत चूक कळायला दहा वर्षे लागतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच सांगतो. गेंड्याच्या पाच जाती आहेत आणि त्यांच्या गरजा सारख्या नाहीत. पांढरा गेंडा मोकळ्या माळावर गवत चरतो, काळा गेंडा झुडपांची पाने ओरबाडून खातो, सुमात्राचा दोन शिंगांचा केसाळ गेंडा दाट जंगलातला, जावाचा गेंडाही तसाच, आणि आपला एकशिंगी गेंडा नदीकाठच्या दलदलीतला व उंच गवतातला. पिल्लू असताना पकडलेला प्राणी आणि वयात आल्यावर पकडलेला प्राणी यांतही मोठा फरक पडतो. म्हणून पुढे मी जे लिहीन ते मुख्यतः आपल्या एकशिंगी गेंड्याबद्दल आहे असे समजावे. इतर जातींचा उल्लेख त्यांच्यापासून काही शिकण्यासारखे आहे तेवढ्यापुरताच करीन.

आपल्या प्रदेशाला गेंडा अगदीच परका नाही. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद येथे ताम्रपाषाण काळातील ज्या धातूच्या मूर्ती सापडल्या, त्यांत हत्ती, रेडा आणि रथ यांच्याबरोबर चाकांच्या गाड्यावर उभा असलेला एक गेंडाही आहे. ज्याने तो घडवला त्याने प्रत्यक्ष गेंडा पाहिला असावा, असे ती मूर्ती पाहून मला नेहमी वाटते. मोगल काळापर्यंत गेंडे पार पेशावरच्या बाजूला आढळत. १५२५ मध्ये तिथे शिकार करताना हत्तीसमोर गेंडा आला तर काय होईल याची बाबराला उत्सुकता होती. प्रत्यक्षात गेंडा हत्तींना सामोरा न जाता दुसऱ्या बाजूला पळाला, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे राजेरजवाड्यांनी गेंडे बाळगले ते बहुतांशी झुंजींसाठी. बडोद्याला गायकवाडांच्या आखाड्यात १८६० च्या दशकात गेंड्यांच्या झुंजी होत असत आणि लखनौच्या नबाबांनाही हाच शौक होता. आखाड्यातला गेंडा साखळीने बांधलेला असे आणि झुंजीपुरता बाहेर काढला जाई. त्याला पाळणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण आपल्याकडे गेंडा सांभाळण्याची जी परंपरा होती ती एवढीच होती.

युरोपातली गोष्ट १५१५ पासून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर शाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो गोव्याला आला आणि तिथून जानेवारी १५१५ मध्ये ओसेम नावाच्या भारतीय रखवालदारासह जहाजात चढला. सुमारे चार महिन्यांनी, २० मे रोजी, तो लिस्बनला उतरला. राजा मॅन्युएलने त्याची हत्तीशी झुंज लावायचे ठरवले, तर या वेळी हत्तीनेच पळ काढला. वर्षअखेरीस राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले. गेंडा उत्तम पोहतो, पण हा साखळदंडांनी जखडलेला होता, त्यामुळे बुडाला.

या गेंड्याने पाळण्याच्या इतिहासात मागे ठेवले ते एक चित्र. न्युरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने तो प्राणी कधीच पाहिला नव्हता. कोणा दुसऱ्याने केलेले रेखाटन आणि एक पत्र यांवरून त्याने लाकडी ठसा कोरला. त्यात गेंड्याच्या अंगावर लोहाराने ठोकून बसवावे तसे चिलखत आहे, पायांवर खवले आहेत आणि खांद्यावर एक जास्तीचे छोटे शिंगही आहे. पुढची अडीचशे वर्षे युरोपात गेंडा म्हणजे हेच चित्र. माझे वैयक्तिक मत असे, की हे चिलखत पाळणाऱ्यांच्या डोक्यातून अजूनही पूर्ण उतरलेले नाही. गेंड्याची कातडी जाड असते हे खरे, पण ती रक्तवाहिन्यांनी भरलेली आणि संवेदनशील असते. तिला ऊन भाजते, माश्या हैराण करतात आणि घड्यांच्या आतली त्वचा तर इतकी मऊ असते, की तिथे बोटांनी खाजवले तर दोन टनांचा नर डोळे मिटून आडवा होतो. पण "याला काय होणार आहे" हे वाक्य मी माझ्या नोकरीत कंत्राटदारांच्या, अभियंत्यांच्या आणि एकदा एका वरिष्ठांच्याही तोंडून ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी मला ते चित्र आठवले आहे.

त्यानंतरची प्रसिद्ध गेंडी म्हणजे क्लारा. तिचा जन्म १७३८ च्या सुमारास आपल्याकडे पूर्व भारतात झाला. आई शिकाऱ्यांनी मारल्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील अधिकाऱ्याने तिला घरात वाढवले, आणि लहानपणी ती म्हणे जेवणघरातही हिंडत असे. १७४१ मध्ये दाउवे माउट नावाच्या जहाजाच्या कप्तानाने तिला रॉटरडॅमला नेले आणि पुढची सतरा वर्षे घोडे जुंपलेल्या लाकडी गाड्यातून युरोपभर फिरवले. बर्लिन, व्हिएन्ना, व्हर्साय, व्हेनिस अशा ठिकाणी राजांपासून सामान्य लोकांपर्यंत सर्वांनी तिला पाहिले. १७५८ मध्ये ती लंडनला मरण पावली. गवत, पाव, संत्र्यांच्या साली, अगदी बिअरसुद्धा तिला दिली जात असे. जहाजावर कातडी सुकू नये म्हणून तिच्या अंगाला माशांचे तेल चोळत, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण पाण्याचा पर्याय शोधण्याची ती बहुधा पहिली धडपड असावी. क्लारा वीस वर्षे जगली म्हणून तिचा मालक शहाणा होता असे म्हटले जाते, आणि त्या काळाच्या मानाने तो होताही. मात्र एकशिंगी गेंडा नीट ठेवला तर चाळीस वर्षांच्या आसपास जगतो. म्हणजे क्लारा अर्ध्या वयात गेली.

आपल्या मुलीने वाचलेला गेंडा तो हाच काळ संपता संपता आला. बंगालमधल्या चंद्रनगरहून निघालेला हा नर १७७० मध्ये व्हर्सायला पोहोचला आणि १७९३ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, मरण पावला. त्याची कातडी आणि सांगाडा पॅरिसच्या संग्रहालयात आजही आहे. तेवीस वर्षे हा काही लहान काळ नव्हे, आणि त्याचे एक कारण मला असे दिसते, की त्याच्या आवारात निवाऱ्याबरोबर पाण्याचा हौदही होता. परंतु त्या तेवीस वर्षांत त्याने दुसरा गेंडा एकदाही पाहिला नाही. मुलीला हे जरूर सांगावे.

एकोणिसाव्या शतकात राजाच्या बागेची जागा सार्वजनिक प्राणिसंग्रहालयाने घेतली, पण ज्ञान फारसे पुढे गेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयात एक गेंडा भारतीय म्हणून दाखवला जात होता. १९०७ मध्ये तो मेल्यानंतर तो जावाचा असल्याचे लक्षात आले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे जगात कुठेही जावाचा गेंडा बंदिवासात नव्हता. आपल्याजवळ कोणता प्राणी आहे हेच ठाऊक नसेल तर त्याला काय हवे हे कुठून कळणार?

याच काळात एक अपवाद घडला आणि तो आपल्या देशात घडला. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सन्याल हे प्राण्यांच्या खाण्यापिण्याच्या, आजारांच्या आणि विणीच्या बारीक नोंदी ठेवत आणि १८९२ मध्ये त्यांनी बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थेवर एक हस्तपुस्तिकाही प्रसिद्ध केली. त्यांच्या देखरेखीखाली १८८९ मध्ये सुमात्राच्या गेंड्याचे पिल्लू जन्माला आले. पुढचे यशस्वी पिल्लू जन्मायला तब्बल ११२ वर्षे लागली, तेही अमेरिकेतल्या सिनसिनाटीला, २००१ मध्ये. मधल्या काळात काय झाले ते सांगतो, कारण त्यातून मी सर्वांत जास्त शिकलो.

१९८४ ते १९९६ या काळात सुमात्राचे चाळीस गेंडे जंगलातून पकडून वेगवेगळ्या देशांत प्रजननासाठी ठेवले गेले. हेतू चांगला होता, कारण जंगलात त्यांची शिकार होत होती. पण बहुतेक प्राणी एकही पिल्लू न देता मेले. त्यांना वाळलेले गवत घातले जात होते, आणि हा गेंडा गवत खाणारा नाहीच, पाने खाणारा आहे. सिनसिनाटीचा नर अन्न सोडून मरणाला टेकला, तेव्हा त्याला उंबरवर्गीय झाडांचा पाला आणून दिला आणि तो उठला. (वड, पिंपळ, उंबर आपल्याकडे गावोगाव उभे आहेत, आणि त्यांच्याच कुळातला पाला तिथे विमानाने आणावा लागला!) पुढे असे लक्षात आले की मादी नराच्या सहवासाशिवाय बीज सोडतच नाही. गर्भ राहिला तरी तो टिकेना. पाच वेळा गर्भपात झाल्यानंतर संप्रेरके देऊन सहावा गर्भ टिकवला आणि पिल्लू झाले. हेच नर पिल्लू, अंडालास, मोठे झाल्यावर २००७ मध्ये सुमात्राला पाठवले गेले आणि २०१२ मध्ये तिथे बाप झाले.

आपल्या एकशिंगी गेंड्याच्या बाबतीत वळण आले ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला. आसामहून नेलेल्या जोडीला तिथे १४ सप्टेंबर १९५६ रोजी पिल्लू झाले. त्याचे नाव रुद्र ठेवले गेले. गेंडीचा गर्भकाळ सुमारे सोळा महिन्यांचा असतो आणि माजाचा काळ जेमतेम एक दिवसाचा, हे तिथल्या काटेकोर नोंदींमुळे पक्के झाले. जगभरातील बंदिस्त एकशिंगी गेंड्यांची वंशावळ-नोंदवही बाझेलच सांभाळते. आपल्याकडे पाटण्याला १९७९ मध्ये आसामहून एक जोडी आली आणि पुढे तिथे मोठा कळप उभा राहिला.

याच सुमारास एक गोष्ट आफ्रिकेच्या पांढऱ्या गेंड्यांनी शिकवली. १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वीस गेंडे एकदम सॅन दिएगोच्या मोकळ्या उद्यानात सोडण्यात आले. तिथल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात एक नर कित्येक वर्षे एकाच मादीबरोबर राहत होता आणि पिल्लू होत नव्हते. त्याला या कळपात सोडताच त्याची पुढे पन्नासच्या आसपास पिल्ले झाली. नर वांझ नव्हता, संगत चुकीची होती. एकशिंगी मादीला वर्षानुवर्षे विणच मिळाली नाही, तर तिच्या गर्भाशयात गाठी होतात, हे मी स्वतः शवविच्छेदनात पाहिले आहे. म्हणून "एक तरी गेंडा आणा" ही मागणी ऐकली की मला त्या गाठी दिसतात.

प्राणिसंग्रहालयाची मर्यादाही पांढऱ्या गेंड्याच्याच उत्तरेकडील उपजातीने दाखवली. चेक देशातल्या एका प्राणिसंग्रहालयाने १९७५ मध्ये सुदानमधून उत्तरेकडील पांढरे गेंडे आणले नसते तर आज त्यांपैकी एकही उरला नसता. तिथे पिल्ले झाली, पण फार थोडी. शेवटचा नर २०१८ मध्ये केनियात मरण पावला आणि आता फक्त दोन माद्या शिल्लक आहेत, मायलेकी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकशिंगी गेंडा बंदिवासात जास्तीत जास्त कशाने त्रस्त होतो असे विचाराल, तर पायांनी. त्याच्या प्रत्येक पायाला तीन बोटे असतात, तिन्हींना नख्या असतात आणि मागे रुंद, मऊ गादी असते. जंगलात हा प्राणी दिवसाचा मोठा भाग पाण्यात आणि चिखलात असतो. तिथे नख्यांच्या कडा झिजत नाहीत, लांब आणि धारदार राहतात आणि दोन टनांचे वजन मुख्यतः त्या कडा पेलतात. गादी ओली, लवचीक राहते. हाच प्राणी सिमेंटवर उभा करा. नख्या झिजतात, वजन गादीवर येते, गादी कोरडी पडून चिरते आणि मधले बोट व गादी यांच्या सांध्यात भेग पडते. त्या भेगेत शेण, लघवी आणि जंतू जातात. मागच्या पायांना आणि वजनदार नरांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. युरोपातील पशुवैद्यांनी १९९० च्या दशकापासून याचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा बंदिवासातल्या गेंड्यांना हा रोग सर्रास आढळला.

मी हे पुस्तकात वाचण्याआधी माझ्या हाताखालच्या नरावर पाहिले. तो अठरा वर्षांचा होता आणि दोन्ही मागचे पाय लंगडत टाकायचा. मी भेगा साफ करायचो, मेलेला भाग सोलून काढायचो, पाय औषधी पाण्यात बुडवून घ्यायचो. महिनाभर बरे वाटायचे आणि पुन्हा तेच. मी त्याच्या खाद्यात जस्त वाढवले, जीवनसत्त्वे दिली, जमीन मात्र पाहिली नाही. शेवटी आमच्या जुन्या रखवालदाराने एक साधी गोष्ट दाखवली: सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, गेंडा कमी लंगडतो. कारण शोधायला गेलो तर ते अगदी समोर होते. प्रेक्षकांना गेंडा जवळून दिसावा म्हणून त्याचा चारा कठड्याजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर टाकला जाई आणि तो सहा-सात तास तिथेच उभा राही. सोमवारी चारा मागच्या दाराशी पडे आणि बाकी दिवस तो कोपऱ्यातल्या चिखलात काढी. आम्ही ओटा फोडला, तिथे माती भरली, चिखलाचा खड्डा दुप्पट केला, रात्रीच्या खोलीत रबरी चटया आणि जाड गवत घातले. औषध तेच राहिले. भेगा भरायला चौदा महिने लागले. दरम्यान, गेंडा जवळून दिसत नाही म्हणून प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि त्यांची लेखी उत्तरेही मीच दिली.

आता सोलापूर. आपल्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. काझीरंगाला दोन हजारांहून अधिक पडतो आणि शिवाय ब्रह्मपुत्रेचा पूर येतो. एका गेंड्याला लोळायला आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी साठ सेंटिमीटर खोल खड्डा करायचा म्हटला तर त्यात जवळजवळ २९,००० लिटर पाणी बसते. गेंडा पाण्यातही विष्ठा टाकतो, त्यामुळे ते आठवड्यातून निदान दोनदा बदलावे लागते. म्हणजे एका प्राण्यामागे दिवसाला सुमारे ८,००० लिटर झाले, पिण्याचे आणि धुण्याचे वेगळे. ज्या शहरात घराघरात नळाच्या पाण्याचा वार मोजून पिंपे भरली जातात, तिथे हा आकडा एप्रिल-मे महिन्यांत कोणापुढे मांडायचा? पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा बसवता येते. ती मी पाहिली आहे, चांगली चालते, पण ती सांभाळायला माणूस लागतो आणि वीज कायम लागते.

जमिनीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपली काळी माती लोळण्याच्या खड्ड्याला उत्तम, पाणी धरून ठेवते. पण खड्ड्याबाहेर तीच माती मार्चनंतर विटेसारखी कडक होते आणि तिला हात घालता येईल अशा भेगा पडतात. मुरूम टाकला तर तो नख्या कानशीसारखा झिजवतो. म्हणजे आवाराचा निदान काही भाग वर्षभर ओलसर, गवताने झाकलेला ठेवावा लागेल, आणि पाण्याचा हिशेब पुन्हा वाढेल. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांनुसार गेंड्यांच्या जोडीला किमान २,००० चौरस मीटर मोकळे आवार लागते. माझा अनुभव विचाराल तर त्याच्या दुप्पट असले तरी कमीच, कारण नर आणि मादी माजाचे दिवस सोडून वेगळे ठेवावे लागतात. तसे न केल्यास ते एकमेकांना दातांनी फाडतात. एकशिंगी गेंडा शिंगापेक्षा खालच्या सुळ्यासारख्या दातांनी जास्त इजा करतो.

चाऱ्याचे मात्र मला फार भय वाटत नाही. पूर्ण वाढलेल्या नराला दिवसाला ६० ते ७० किलो हिरवा चारा आणि वर थोडे वाळलेले गवत लागते. हत्तीगवत, मका, कडवळ हे आपल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. ज्वारीचा कडबा मात्र मुख्य खाद्य म्हणून देऊ नये. म्हैस कडब्यावर निघते, कारण ती रवंथ करते. गेंडा घोड्यासारखा आहे, त्याला रवंथ नाही, आणि नुसत्या जाड्याभरड्या कडब्याने त्याला पोटशूळ होण्याचा धोका असतो.

राहता राहिली परवानगी. गेंडा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात हलवायलाही प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते, आणि आवार, पाणी, पशुवैद्य, रखवालदार हे सर्व तयार आहे का ते आधी तपासले जाते. सुरक्षेचाही विचार करावा लागतो. २०१७ मध्ये पॅरिसजवळच्या एका प्राणिसंग्रहालयात रात्री चोर शिरले आणि त्यांनी पांढऱ्या गेंड्याला गोळ्या घालून त्याचे शिंग कापून नेले. शिंग म्हणजे आपल्या नखांसारखेच केराटिन, पण काळ्या बाजाराला ते कोण समजावणार?

थोडक्यात मांडायचे तर असे. ऊन अडवत नाही. सावली आणि पाणी असेल तर गेंडा सोलापूरचा उन्हाळा काढील. अडवते ते वर्षभराचे पाणी, पायाखालची ओली जमीन, एकाहून अधिक प्राण्यांसाठी लागणारी जागा आणि चाळीस वर्षे न थकता हे सर्व पुरवण्याची तयारी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्या भूगोलात नाहीत, त्या विकत घ्याव्या लागतील. कोणी मला सल्ला विचारला तर मी नको म्हणेन, आणि तोच पैसा इथल्या माळावर फुकट सुखी राहणाऱ्या काळविटाला, लांडग्याला आणि खोकडाला मोठी आवारे देण्यासाठी मागेन. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ ज्यांनी पहाटे पाहिला आहे त्यांना हे प्राणी कमी देखणे वाटणार नाहीत. यावर दुसरे मत असू शकते. माझ्याच एका सहकाऱ्याचे म्हणणे असे होते, की गेंडा प्रत्यक्ष पाहिलेले मूलच पुढे काझीरंगासाठी बोलते. त्याचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. फक्त त्याची किंमत गेंड्याच्या पायांनी चुकवू नये, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या मुलीला गेंडा दाखवायचाच असेल तर दिल्ली किंवा पाटण्याला जाणे झाल्यास सकाळी दार उघडताच आत जावे, कारण त्या वेळी तो चालता असतो. अकरानंतर बहुतेक वेळ पाण्यात किंवा झोपेत असतो. तिला चित्र काढायला सांगितलेच असेल, तर शिंग आणि कातडीच्या घड्या सगळेच काढतात. तो चिखलातून बाहेर येऊन चालू लागला, की त्याचे मागचे पाय पाहायला सांगावे: मधली नखी जमिनीला टेकते का, तो पाय पूर्ण टाकतो की अर्धवट उचलतो, आणि उभा राहण्यासाठी तो स्वतःहून कोणती जागा निवडतो. तिने हे टिपून ठेवले आणि आपण मला कळवले, तर तो गेंडा कसा ठेवला आहे, हे मी इथे बसून बऱ्यापैकी सांगू शकेन.